मागचे पाय न चालणारं पिल्लू सांभाळताना आधी फरशी बघा

मागच्या पायात जोर नसलेलं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं की सगळे लगेच व्हीलचेअर शोधायला लागतात, पण आधी फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर धडधाकट पिल्लूसुद्धा घसरतं, याचे तर पाय फाकतात आणि ते घाबरून प्रयत्नच सोडून देतं, म्हणून त्याच्या वावरायच्या जागेत रबरी मॅट किंवा जुनी योगा मॅट टाका. उभं करताना पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरायची, वजन थोडं तुम्ही घ्यायचं, बाकी त्याला करू द्यायचं.

फरपटत फिरणाऱ्या पिल्लाची कातडी रोज तपासा, कोपर, मांड्या, पंजाची वरची बाजू. लालसर दिसलं की तिथेच थांबवा, जखम झाली की भरायला फार वेळ लागतो. जे एका कुशीवर पडून असतं त्याला 2 ते 4 तासांनी कूस बदलून द्या. शू स्वतःहून होत नसेल तर मूत्राशय दाबून रिकामं कसं करायचं ते डॉक्टरांकडून समोर बसून शिका, व्हिडिओ बघून नको, चुकीचं दाबलं तर इजा होते. शूला उग्र वास आला किंवा गढूळ दिसली तर इन्फेक्शन असू शकतं, लगेच दाखवा.

व्हीलचेअर घ्याच, पण ॲडजस्ट होणारी, कारण पिल्लू भराभर वाढतं, आणि सुरुवातीला 5-10 मिनिटंच. आणि हो, दया येते म्हणून जास्त खाऊ घालू नका, वाढलेलं सगळं वजन पुढच्या दोन पायांवर येतं.