पुराणकथा वाचायच्या ठरल्या, पण कुठल्या?

‘ग्रीकांपासून सुरुवात कर’ हा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला असेल. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की बाई, तुला वाचायचंय कशासाठी? परीक्षा द्यायची असेल तर खुशाल ग्रीकांपासून करा. स्वतःसाठी वाचायचं असेल तर आधी दुसरं काम आहे.

आपलं कारण एका प्रश्नात लिहायचं. सगळ्यात अवघड पायरी हीच. ‘मला लोककथांची आवड आहे’ हे कारण नव्हे. आवड कुणाला नसते?

मी ही पायरी गाळली आणि वर्ष घालवलं. आई गेली त्या वर्षी नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या कथा घेतल्या, कारण ओळखीतले सगळे त्याच वाचत होते. ठाण्याहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये रोज थोडी पानं. ओडिन झाला, थोर झाला, लोकी झाला, जगाचा अंतही झाला. हाताला काही लागलं नाही. त्यात कथांचा दोष नव्हता. तिथे शेवट ठरलेला असतो, देवांनाही तो ठाऊक असतो, आणि तरी ते लढायला उभे राहतात. लढायचं कसं हा माझा प्रश्नच नव्हता. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यानं करायचं काय, एवढंच मला हवं होतं.

तेही सरळ लिहिता आलं नाही. वहीत आधी ‘मृत्यूविषयीची मानवी जाणीव’ असलं काहीतरी उतरलं. पान फाडलं. प्रश्न कुणाला दाखवायचा म्हटला की तो लगेच इस्त्रीचे कपडे घालून येतो. म्हणून दाखवू नका, घरच्या भाषेत लिहा. माझा तसा लिहिला आणि मेसोपोटेमियातला राजा गिल्गामेश सापडला. मित्र एन्किडू मेल्यावर तो सहा दिवस, सात रात्री प्रेत पुरू देत नाही. नाकातून अळी पडते तेव्हा सोडतो. मग अमरपणाच्या शोधात रानोमाळ भटकतो. म्हाताऱ्याला तरुण करणारी वनस्पती हाती येते, ती साप पळवतो. शेवटी तो परत येतो आणि नावाड्याला आपल्या उरुक शहराचा तट दाखवतो. त्यात माझी समजूत कुणी घालत नव्हतं, म्हणूनच त्यानं मला वाचवलं.

प्रश्न घराण्याचा असेल तर लांब जाऊच नका. घणसोलीच्या आगरी घरातल्या मुलीला कार्ल्याची एकवीरा आपली कुलस्वामिनी का, हे कळून घ्यायचंय, तर तिला ग्रीक देवी काय सांगणार? तिनं आधी लग्नात धवला, म्हणजे विधींची गाणी, गाणाऱ्या धवलारणीजवळ जाऊन बसावं. वारल्यांकडेही लग्न धवलेरी बाई गाऊन लावते, भिंतीवर काढलेल्या लग्नचौकात पालघट देवी असते. अशा परंपरेचं ‘मूळ पुस्तक’ शोधत बसू नका. छापलेलं असतं ते कुणीतरी ऐकून उतरवलेलं. खंडोबा किंवा विठोबा असेल तर मात्र लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे आहेत, त्यांची पुस्तकं डोळे मिटून घ्या.

मग आवृत्ती. कुणी लिहून ठेवलं आणि केव्हा, एवढं प्रस्तावनेत बघायचं. नॉर्स कथांचा मोठा भाग आपल्याला स्नोरी या आइसलँडच्या लेखकाकडून मिळतो. त्यानं त्या साधारण 1220 च्या सुमारास लिहिल्या, तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनशे वर्षं उलटली होती. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या 1812 च्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला रानात सोडायचा हट्ट सख्ख्या आईचा आहे; पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई झाली. तुमचा प्रश्न आईबद्दलचा असेल तर हा फरक फार मोठा आहे. प्रस्तावनेत यातलं काहीच नसेल तर पुस्तक परत ठेवा.

विकत घेऊ नका, आधी वाचनालयातून आणा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे, त्याचा उपयोग करा.

तीन कथा वाचा. तिसरीनंतर वहीतला प्रश्न जागचा हलला नसेल तर ती परंपरा सोडून द्या, कितीही थोर असो. माझे नॉर्सचे दोन खंड माळ्यावर आहेत. कुणाचा प्रश्न लढण्याचा असेल तर घेऊन जा.