दडपशाही सुरू झाली की कार्यकर्त्यांनी काय करायचं

पोलीस एका कार्यकर्त्याला उचलतात तेव्हा खरा नेम बाहेर राहिलेल्यांवर असतो. ते घाबरले, एकमेकांचे फोन घेईनासे झाले, मीटिंगला यायचे बंद झाले की सरकारचं काम झालं. म्हणून याची तयारी अटक झाल्यावर करायची नसते, आंदोलनाची तारीख ठरते त्याच मीटिंगमध्ये करायची, आणि एकच गोष्ट धरून करायची की आपला एकही माणूस एकटा पडता कामा नये.

पहिलं काम वकील. आंदोलनाच्या आधी प्रत्यक्ष भेटून विचारून घ्या की अटक झाल्यावर किती तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, गप्प राहायचा हक्क कितपत आहे, फोनचा पासवर्ड मागितला तर द्यावा लागतो का. प्रत्येक देशात हे वेगळं असतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉरवर्डवर विसंबू नका. वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिहा, कारण फोन आधी जप्त होतो. आणि एक माणूस असा ठेवा जो आंदोलनाला येणारच नाही, फोनजवळ बसेल, त्याच्याकडे कागदावर यादी असेल : कोणाचं पूर्ण नाव काय, घरी कोणाला कळवायचं, कोणाला कुठली औषधं चालू आहेत, कोणाचं लहान मूल घरी वाट बघतंय. हे काम कोणाला आवडत नाही, कारण सगळ्यांना पुढे राहायचं असतं, पण ऐन वेळी सगळा भार याच माणसावर येतो.

पकडलं तर नाव-पत्ता सांगा, वकील पाहिजे म्हणा आणि मग गप्प बसा. गोड बोलून "सहज विचारतोय" म्हणणाऱ्या ऑफिसरशीसुद्धा गप्पा मारायच्या नाहीत, त्याच्याशी बोललेलं सहज राहत नाही. न वाचता सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. मारहाण झाली असेल तर कोर्टासमोर पहिल्याच वेळी स्वतःच्या तोंडाने सांगा, डॉक्टरी तपासणी मागा, बाहेर आल्या आल्या जखमांचे फोटो काढून ठेवा.

फोनचं थोडक्यात सांगते. लांब पासकोड ठेवा, आंदोलनाला जाताना फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक बंद करा, आपोआप पुसले जाणारे मेसेज आधीपासूनच चालू ठेवा. मात्र नोटीस आली किंवा चौकशी सुरू झाली की घाबरून काही डिलीट करत बसू नका, तोच वेगळा गुन्हा ठरू शकतो, आधी वकिलाला विचारा.

नेते उचलले तर पुढे कोण, हे आधी ठरलेलं पाहिजे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मे महिन्यात गांधींना अटक झाली तेव्हा अब्बास तय्यबजी पुढे आले, त्यांनाही पकडलं तेव्हा सरोजिनी नायडूंनी धारासनाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाची जबाबदारी घेतली. पुढची नावं ठरलेली होती म्हणून काम थांबलं नाही. तुमच्याकडे बँकेच्या सह्या, प्रेसचे नंबर, सोशल मीडियाचे पासवर्ड एकाच माणसाकडे असतील तर त्याला उचललं की सगळं बंद, तेव्हा हे आजच दोघातिघांत वाटून टाका.

आता सगळ्यात अवघड भाग, संशय. खबरे असतात हे खरं आहे. अर्जेंटिनात १९७७ मध्ये बेपत्ता मुलांना शोधणाऱ्या आयांमध्ये आल्फ्रेदो आस्तिझ नावाचा नौदल अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ बनून शिरला, आणि त्या डिसेंबरमध्ये १२ जणांना पळवलं गेलं, त्यात तीन आया होत्या. पण खोटा संशय पेरणं हेही सरकारचंच हत्यार आहे. अमेरिकेत एफबीआयने १९५६ ते १९७१ मध्ये आंदोलनं आतून फोडायला चालवलेल्या कोइंटेलप्रो या गुप्त कारवाईत प्रामाणिक कार्यकर्त्यांवरच खबरे असल्याचे शिक्के बसवले, खोटी पत्रं पाठवून भांडणं लावली, आणि हे बाहेर आलं ते १९७१ मध्ये त्यांच्या एका ऑफिसातून कागद चोरीला गेल्यावर. म्हणजे खबऱ्या शोधायच्या नादात तुम्ही एकमेकांवर तुटून पडलात तर खबऱ्याची गरजच उरत नाही. म्हणून पुराव्याशिवाय कोणालाही खबऱ्या म्हणायचं नाही, ग्रुपवर तर कधीच नाही. त्याऐवजी वागण्याकडे बघा. कोणी सारखं तोडफोडीची, हत्यारांची भाषा करत असेल, दुसऱ्याला भरीस घालत असेल, तर तो कोण आहे याचा शोध लावत बसू नका, सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा की आपण हे करत नाही आणि करणार नाही, आणि ते मीटिंगच्या नोंदीत लिहा. यादी, पैसे, घरचे पत्ते ज्याला कामापुरते लागतात त्यालाच द्या, हा नियम सगळ्यांना सारखा ठेवला की कोणाला अपमानही वाटत नाही.

भीती एकट्याने गिळायची नसते. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेल्या बस बहिष्कारावर खटला भरला, ८० हून जास्त लोकांवर आरोप ठेवले, तेव्हा पोलीस घरी यायची वाट न बघता लोक स्वतःच हजर व्हायला गेले, बाहेर जमलेले लोक त्यांना टाळ्या वाजवत होते. प्रत्येकाने हेच करावं असं मी म्हणत नाही, त्यात धोका असतो आणि तो ज्याचा त्यानेच ठरवायचा, पण ज्या अटकेने लाज वाटायला हवी होती तिचा तिथे अभिमान झाला, कारण सगळे सोबत होते.

अटकेची बातमी देताना आधी साधी माहिती द्या : कधी, कुठून, कोणी नेलं, आता कुठे आहे. आकडे फुगवू नका, एक चूक सापडली की बाकीचं खरंही खोटं ठरवलं जातं. घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो टाकू नका.

जामीन झाला की लोकांना वाटतं संपलं, आणि इथेच माणसं हरवतात. नोकरी गेलेली असते, घरात बोलणी बसत असतात, झोप लागत नाही, आणि केस वर्षानुवर्षं चालते. म्हणून मदतीच्या पैशाचा हिशेब पहिल्या दिवसापासून लिहा आणि सगळ्यांना दाखवा. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सोबत कोण जाणार याच्या पाळ्या लावा, आत असलेल्यांना नियमित पत्रं जातायत ना हे एका माणसाने बघावं, परत आलेल्याला लगेच भाषणाला उभं करू नका, थोडे दिवस जाऊ द्या आणि मग त्यालाच विचारा की कुठलं काम करायला आवडेल, नाही म्हणाला तरी घरी जाणं चालू ठेवा.