डेट्रॉइट नदीत वसंतातला वॉलआय: भर गर्दीत दोरी उभी कशी ठेवावी

मार्च संपत आला, नदीवरचा बर्फ वाहून गेला की डेट्रॉइटच्या दक्षिणेकडच्या गावांत घरांसमोरच्या बोटींवरून ताडपत्र्या निघायला लागतात. इरी सरोवरातले वॉलआय नावाचे मासे अंडी घालायला नदीत चढतात. मार्चअखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत ही चढण चालते. एका काठाला अमेरिकेतलं डेट्रॉइट, दुसऱ्या काठाला कॅनडातलं विंडसर, मधून हजार फुटी मालवाहू जहाजं जातायत, आणि उरलेल्या पाण्यात दाटीवाटीने छोट्या बोटी. चांगल्या शनिवारी सकाळी अक्षरशः आठवडी बाजार भरलेला असतो.

मी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकलो रत्नागिरीकडच्या खाडीत, काकाच्या शेजारी बसून. तिथे गर्दी म्हणजे पलीकडच्या कातळावर बसलेला अजून एक माणूस. त्यामुळे इथला पहिला हंगाम मी या बोटींवर चिडण्यात घालवला. हळूहळू लक्षात आलं, की मासा कुठे आहे हे गर्दी फुकटात सांगते. आपल्याकडे काम एकच उरतं: बोटीखाली दोरी ओळंब्यासारखी उभी ठेवायची. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी कागदपत्रं

वय १७ किंवा जास्त असेल तर मिशिगन राज्याचा मासेमारी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो. मात्र इथलं परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. ‘परवाना आहे की माझ्याकडे’ म्हणत एप्रिलमध्ये उतरलेले लोक दंड भरून येतात. मिशिगनच्या बाजूचा नियम साधा आहे: मासा किमान १५ इंची हवा आणि माणशी दिवसाला सहा. तरी त्या-त्या वर्षीची नियमावली एकदा बघाच, कारण आकडे बदलतात.

सरहद्द नदीतूनच जाते आणि पाण्यावर रेघ मारलेली नसते. पलीकडे गरवायचं तर कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा परवाना वेगळा लागतो. फोनवरच्या नकाशात सीमा दिसेल असं करून ठेवा. मासे मागे लागल्यावर, म्हणजे खरं तर आपण माशांच्या मागे लागल्यावर, तिकडे कधी सरकलो ते कळत नाही.

दिवस कसा निवडायचा

कॅलेंडरपेक्षा पाण्याचं तापमान बघा. ४२ ते ५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपाच ते दहा सेल्सिअस, ही अंडी घालण्याची वेळ. नर आधी येतात आणि बराच काळ थांबतात. मोठ्या माद्या येतात, अंडी टाकतात आणि सरोवराकडे परततात.

दुसरी गोष्ट पाण्याचा रंग. नदीच्या वरच्या तोंडाला सेंट क्लेअर सरोवर आहे, सरासरी खोली जेमतेम ११ फूट. तिथे दोन दिवस वारा घुमला की तळाचा गाळ उठतो आणि तो सगळा आपल्या अंगावर येतो. गळ पाण्यात सोडून बघा. दीड-दोन फुटांपर्यंत दिसला तर उत्तम. हिरवट, जरा धुरकट पाणी वॉलआयला आवडतं, कारण मांजरासारखाच त्याच्याही डोळ्यात मागे उजेड परतवणारा पडदा असतो आणि अंधुक उजेडात त्याला इतरांपेक्षा बरं दिसतं. पाणी दुधाच्या चहासारखं झालं असेल तर मात्र घरी बसून तोच प्या.

रजा शिल्लक असेल तर मंगळवारी जा.

सामान

सहा ते साडेसहा फुटी, टोकाला हलकी पण कण्याला ताठ काठी. १० पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी, तिच्या पुढे दोन-तीन फूट फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारा दोरा. विणलेली दोरी ताणत नाही, त्यामुळे २० फूट खालची टिचकीही बोटाला कळते. पुढे जिग, म्हणजे शिशाचा गोळा आणि त्यातच ओतलेला गळ. पाऊण औंसाने सुरुवात करा. वारा पडला तर अर्ध्यावर या, प्रवाहाला जोर असेल तर एक औंस. वरून जिवंत बारका मासा किंवा प्लास्टिकचा लांब किडा. पाणी गढूळ असेल तर भडक पोपटी, नारिंगी, गुलाबी. स्वच्छ असेल तर माशाच्याच रंगाचं काहीतरी. मासा आमिषाला शेपटाकडून चावून पळतो, म्हणून मागे एक छोटा तीनतोंडी गळ जोडतात. जिग किमान वीस न्या. तळाला दगड आहेत, शंभर वर्षांचं लोखंड आहे, आणि माझ्यासारख्यांनी तिथे ठेवून दिलेली बरीच जिगं आहेत.

रॅम्पवर

रॅम्प म्हणजे ट्रेलरवरची बोट पाण्यात सोडायचा उतार. एलिझाबेथ पार्कसारख्या ठिकाणी तिथे पहाटे पाचला रांग असते. सामान लावणं, पट्टे सोडणं, दोऱ्या बांधणं हे सगळं रांगेत उभं असतानाच उरका. ट्रेलर पाण्यात घातल्यावर जो माणूस डबा उघडून जिग शोधायला लागतो, त्याला मागच्या वीस गाड्या मनातल्या मनात काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

आणि बूच. बोटीच्या मागे खाली पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच. माझ्या तिसऱ्याच फेरीला मी थाटात बोट सोडली, गाडी लावून आलो तर पायाखालचा गालिचा तरंगत होता. बूच माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. ‘हरवू नये’ म्हणून आदल्या रात्री मीच जपून ठेवलेलं. तेव्हापासून ते गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं.

दोरी उभी ठेवणं

आता मुख्य काम. इथे नांगर टाकून बसत नाहीत, काठीने लांब फेकतही नाहीत. बोट पाण्याबरोबर वाहू द्यायची आणि गळ बोटीच्या बरोबर खाली, तळापासून टीचभर वर नाचवायचा. बोट आणि पाणी एकाच वेगाने चालले तर दोरी सरळ उभी राहते. घोळ घालतो तो वारा. वारा प्रवाहाच्या दिशेने असेल तर बोट पाण्याच्या पुढे पळते आणि दोरी मागे, वरच्या अंगाला तिरकी जाते. वारा उलटा असेल तर बोट मागे रेंगाळते आणि दोरी पुढे ओढली जाते.

उपाय पुढच्या टोकाला लावलेली छोटी विजेची मोटर. बोटीचं नाक वाऱ्याकडे करा आणि मोटरला हलके हलके धक्के द्या. नवख्याने एवढंच लक्षात ठेवावं: दोरी जिकडे झुकली तिकडे बोट न्यायची. वरच्या अंगाला झुकली, वर चला. कॅनडाकडे झुकली, कॅनडाकडे चला (परवान्याचं वर लिहिलंय). पहिल्या दिवशी मासा विसरा. एकाने मोटर धरावी, दुसऱ्याने दोरीकडे बघून ‘डावीकडे, अजून, बस’ एवढंच बोलावं. आमच्याकडे हे काम बायको करते, आणि रिव्हर्स पार्किंगला मिळतं त्यापेक्षा जरा बरं सहकार्य मला इथे मिळतं.

दोरी उभी झाली की रीळ सोडा. ‘टक्’ झालं म्हणजे तळ लागला. दोरीतला ढील काढा, मनगटाने सहा इंच उचला आणि परत खाली न्या. खाली नेताना सोडून द्यायचं नाही, हातात वजन राहील असं उतरवायचं, कारण मासा बहुतेक वेळा गळ उतरत असतानाच घेतो. ढील असली तर कळणारच नाही. दर चार-पाच उचलींना तळ पुन्हा लागतोय ना ते बघा. १४ फुटांवरून २२ फुटांवर केव्हा उतरलो, समजत नाही.

चावा कसा लागतो हे शब्दांत सांगणं अवघड आहे. कधी स्वच्छ टिचकी. बर्फासारख्या पाण्यात बऱ्याचदा ओल्या फडक्याचं वजन नुसतं टोकाला येतं. कधी तळ जिथे लागायला हवा त्याच्या आधीच लागतो. तो तळ नसतो. शंका आली की ओढा.

आणि दोरी तिरकी असेल तर? गळ तळावरून फरफटतो, दगडात अडकतो, चावा कळत नाही. गर्दीत भर म्हणजे तुमची तिरकी दोरी शेजाऱ्याच्या बोटीखाली जाते. भांडणं जागेवरून होतात असं लांबून वाटतं. निम्मी तरी तिरक्या दोऱ्यांवरून होतात.

गर्दीत घुसणं

पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं बघा. बोटी कुठून वाहायला लागतात, कुठे थांबतात, आणि जाळी कुठे वर येतात. जाळी वर येतात, म्हणजे मासा लागलेला असतो, ती जागा लक्षात ठेवा. मग वरच्या टोकाला जाऊन सगळ्यांच्या मागे रांगेत लागल्यासारखं वाहायला लागा. टप्पा संपला की बाजूने बाहेर पडा आणि घोळक्याला मोठा वळसा घालून, लाटा न उठवता, सावकाश वर या. वाहणाऱ्या बोटींच्या मधून मोटर फुगवत वर जाणारा माणूस सगळ्यांच्या शिव्या खातो. मधोमध नांगर टाकणारा त्याहून जास्त, आणि जोरदार प्रवाहात ते धोक्याचंही आहे. शेजाऱ्याला मोठा मासा लागला तर आपली दोरी वर घ्या. दहा मिनिटांनी तोही घेतो.

काही बोटी मात्र उलट्या, प्रवाहाविरुद्ध गोगलगायीच्या गतीने चढताना दिसतील. हे हातदोरीवाले. बोटीच्या काठाला स्प्रिंगचं रीळ, त्याला तार, खाली पौंड-दीड पौंडाचं वजन, आणि तारेला मागे लांब सोडलेले गळ. इथली जुनी पद्धत, बरेचसे वयस्कर लोक. त्यांच्या मागून आडवं जाऊ नका, कारण चाळीस-चाळीस फूट दोरी तिथे पसरलेली असते. त्यांना वाट द्या. माझ्या काकाने हे रीळ पाहिलं असतं तर त्याने माझी काठी नदीत टाकली असती.

जहाजांच्या मार्गात थांबू नका. हजार फुटी जहाजाला वळायला किंवा थांबायला वेळ लागतो, आणि त्याच्या अगदी नाकाखाली आलेली बोट कप्तानाला दिसतही नाही. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले तर ते ‘शुभ प्रभात’ नाही. ते बहुधा तुमच्यासाठीच आहेत. याच नदीत चालत्या जहाजांना डाक पोचवणाऱ्या बोटीमुळे ४८२२२ हा स्वतंत्र पिनकोड जन्माला आला, त्यावरून रहदारीची कल्पना करा.

गारठा

उन्हाने फसू नका. पाणी पाच-सहा अंशांवर असतं. पडलात तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, पुढची दहाएक मिनिटंच हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर पोहणं येतं की नाही याने फरक पडत नाही. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगात घाला, रॅम्पपासून. बोटीवरचा रेडिओ चॅनल १६ वर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर, ठेवा.

बोट नसेल तर

पहिल्या वर्षी परवानाधारक कप्तानाची बोट चार जणांत मिळून घ्या; एका सकाळीत जे शिकाल ते वर्षभर वाचून येणार नाही. नाहीतर वायनडॉटमधलं बिशप पार्क, एकॉर्समधलं डिंगेल पार्क किंवा शहरातल्या मिलिकन पार्कचा काठ आहे. काठावरून दोरी उभी राहत नाही, म्हणून जिग हलकं घ्या, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेका आणि तळावरून लोळत येऊ द्या. उजाडताना किंवा अंधार पडताना जा.

घरी काय न्यायचं

१५ ते २० इंची नर खायला सर्वांत चांगला. मोठी मादी फुगलेल्या पोटाने हातात आली की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गाभोळी येते, मलाही येते. पण ती लाखांच्या घरात अंडी घेऊन आलेली असते. तिला हात ओले करून धरा, फोटो काढा आणि सोडा.

दुसरं कारण पारा. १९७० साली इथल्या माशांत पारा सापडला म्हणून सेंट क्लेअर सरोवरातली मासेमारी बंद करावी लागली होती. परिस्थिती खूप सुधारली आहे, तरी मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका पारा जास्त. कातडी आणि चरबी काढली की काही विषारी द्रव्यं कमी होतात. पारा मात्र मांसातच असतो, तो धुऊन किंवा तळून जात नाही. मिशिगनचं आरोग्य खातं नदीनुसार, माशानुसार आणि लांबीनुसार महिन्यात किती वेळा खावं याचं पत्रक काढतं. घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर आधी ते वाचा, मग तेल तापवा.

मांस पांढरं, घट्ट, वासाचा पत्ता नाही. फिलेला, म्हणजे काटे काढलेल्या मांसाच्या तुकड्याला, मीठ, हळद, आगळ लावून अर्धा तास ठेवा, मग तिखट, आणि तांदळाचं पीठ व रवा निम्मेनिम्मे. मसाला कमीच टाका, हा बांगडा नाही. डोकं फेकण्याआधी डोळ्याखालचे दोन्ही गाल सुरीच्या टोकाने काढून घ्या, रुपयाएवढे गोल निघतात. सहा माशांचे बारा. ते मी पाहुण्यांच्या वाटणीत मोजत नाही.