परदेशी मिशनवर इंग्रजी शिकवायला जाताना

मिशनरी स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला निघालेल्याने सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: इंग्रजीचा वर्ग खरोखर इंग्रजीचाच असला पाहिजे. लोक येतात ते नोकरीच्या मुलाखतीसाठी, परीक्षेसाठी, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून. जाहिरात इंग्रजीची करायची आणि दुसऱ्या आठवड्यापासून पवित्र शास्त्राचे पाठ सुरू करायचे, ही फसवणूक आहे, आणि सुवार्तेला (ख्रिस्ताच्या संदेशाला) फसवणुकीचा आधार लागत नाही. वर्ग कोणती मंडळी (चर्च) चालवते हे फलकावर स्पष्ट लिहा. बायबल अभ्यास ठेवायचा असेल तर तो वेगळ्या वेळी, वेगळ्या नावाने ठेवा आणि जो येणार नाही त्याच्या इंग्रजीच्या जागेला धक्का लागू देऊ नका. विद्यार्थ्याने स्वतःहून विश्वासाबद्दल विचारले, तर वर्ग संपल्यावर मोकळेपणाने बोलावे. मात्र हेही तिथला कायदा काय म्हणतो ते पाहूनच.

कायद्याचा भाग गांभीर्याने घ्या. धार्मिक कामाचा व्हिसा आणि शिक्षकाचा व्हिसा बऱ्याच देशांत वेगळे असतात. दक्षिण कोरियात धर्मकार्यासाठी डी-6 आणि परकी भाषा शिकवण्यासाठी ई-2 आहे. ई-2 वर इंग्रजी शिकवायला साधारणपणे सात इंग्रजीभाषक देशांचेच नागरिक पात्र ठरतात. थायलंडमध्ये मिशनरींसाठी नॉन-इमिग्रंट आर हा स्वतंत्र प्रकार आहे. जपानमध्येही धर्मकार्य आणि अध्यापन यांचे निवासदर्जे निराळे. चीनमध्ये परदेशी व्यक्तीने चिनी नागरिकांत धर्मप्रसार करण्याला 1994 च्या नियमांपासून बंदी आहे. नेपाळमध्ये 2018 साली लागू झालेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवून आणण्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि दोषी परदेशी असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर काढले जाते. पर्यटक व्हिसावर ‘थोडेसे शिकवू’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अनेक देशांत बिनपगारी शिकवणे हेही कायद्याने कामच ठरते. आपण पकडले गेलो तर विमानात बसून परत येतो. ज्याने खोली दिली, ज्याने दुभाषा म्हणून मदत केली, तो तिथला विश्वासी मात्र मागे चौकशीला तोंड देत राहतो.

कागदपत्रांना अंदाजापेक्षा जास्त वेळ लागतो. पदवी प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहर, लागते. जो देश अपोस्टिलच्या 1961 च्या हेग करारात नाही, तिथल्यासाठी दूतावासाकडून साक्षांकन करावे लागते. प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, अशी अट बरेच देश घालतात. पीतज्वराची लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता शिकवण्याविषयी. इंग्रजी अस्खलित बोलणारा माणूस वर्गात उभा राहिला की पहिल्या दहा मिनिटांतच अडतो, कारण ‘हे असेच म्हणतात’ यापलीकडे त्याला सांगता येत नाही. म्हणून निदान 120 तासांचा टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) अभ्यासक्रम करा, आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवण्याचा सराव आहे का ते आधी विचारा. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या अभ्यासक्रमात सहा तासांचे निरीक्षणाखालचे अध्यापन असते. नुसते व्हिडिओ पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात ते नसते. इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही, त्याने मात्र बिचकू नये. ही भाषा कष्टाने शिकलेल्याला शिकणारा नेमका कुठे अडखळतो ते ठाऊक असते.

पहिला वर्ग घेण्याआधी प्रत्येकाशी पाच मिनिटे बोला. नाव, काम, कालचा दिवस, पुढच्या वर्षीचा बेत, या क्रमाने प्रश्न विचारत गेलात की भूतकाळ आणि भविष्यकाळ कुठे गळतो ते दिसते. भाषेची पातळी ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीतल्या ए1 (अगदी नवखा) ते सी2 (अस्खलित) या पातळ्यांत ढोबळ वाटणी करा. एकच खोली असेल आणि ए1 व बी1 एकत्र बसवावे लागले, तर चित्र किंवा उतारा तोच ठेवा आणि काम बदला: एकाने वस्तूंची नावे सांगायची, दुसऱ्याने त्या चित्रावरून गोष्ट रचायची.

एका तासाचा वर्ग साधारण असा बसतो. पहिली दहा मिनिटे मागच्या वेळच्या शब्दांची उजळणी. मग दहा मिनिटे नवी रचना, उदाहरणांतून आणि फळ्यावर. व्याकरणाचे व्याख्यान नको. पंधरा मिनिटे बांधलेला सराव (ठरलेल्या वाक्यांचा), त्यानंतर वीस मिनिटे जोड्यांनी मोकळे बोलणे आणि शेवटची पाच मिनिटे चुकांसाठी. नवे शब्द सात ते दहाच घ्या. पंचवीस दिले तर पुढच्या वेळी चारही उरत नाहीत. नवखे शिक्षक सर्वांत जास्त कोसळतात ते सूचना देताना. लांबलचक समजावतात आणि शेवटी ‘डू यू अंडरस्टँड?’ विचारतात. सगळे मान डोलावतात आणि कोणालाच कळलेले नसते. सूचना तीन-चार शब्दांची द्या, एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून करून दाखवा, मग विचारा: ‘गटात किती जण? लिहायचे की बोलायचे?’ चुका सुधारण्याचीही वेळ असते. बांधलेल्या सरावात लगेच सुधारा. मोकळ्या बोलण्यात मध्ये तोंड घालू नका, वहीत टिपून ठेवा आणि शेवटी पाच-सहा चुका कोणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडा. मोकळ्या बोलण्याच्या वेळात तुमचा आवाज जवळजवळ ऐकूच येऊ नये. शिक्षक अखंड बोलतो तेव्हा वर्ग छान रंगल्यासारखा वाटतो, पण सराव एकट्या शिक्षकाचाच होत असतो.

विद्यार्थ्यांच्या मातृभाषेचा थोडा अभ्यास करून जा. अरबी भाषकाला ‘प’ आणि ‘ब’ वेगळे काढणे जड जाते, जपानी भाषकाला ‘र’ आणि ‘ल’. स्पॅनिश भाषक ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतो. रशियनमध्ये उपपदे (‘अ’, ‘द’ यांसारखी) नाहीत आणि चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून तिथे ‘यस्टरडे आय गो’ ऐकू येणारच. असे माहीत असले की चुकीमागचे कारण दिसते आणि चिडचिड होत नाही.

बायबल अभ्यासाच्या वेगळ्या तासाला 1611 चा किंग जेम्स अनुवाद घेऊ नका. त्यातली सर्वनामे आणि क्रियापदे आज कोणी बोलत नाही, आणि विद्यार्थी तीच बाजारात वापरू लागतात. बेसिक इंग्लिशमधला अनुवाद सुमारे हजार शब्दांत बसवलेला आहे, तो ए2 च्या पुढच्यांना पेलतो.

फुकट वर्गांत पटसंख्या झपाट्याने घसरते. त्यावर उपाय म्हणजे आठ ते दहा आठवड्यांचे सत्र, ठरलेली शेवटची तारीख, हजेरी आणि सत्र पूर्ण केल्यावर परत मिळणारी छोटी अनामत. त्याच गल्लीत एखादी स्थानिक शिक्षिका फी घेऊन शिकवत असेल, तर आधी तिला भेटा. तिचे विद्यार्थी ओढण्यापेक्षा तिच्याकडे नसलेला संभाषणाचा तास आपण घ्यावा.

मुलांच्या वर्गात दोन प्रौढ हवेतच. दार उघडे ठेवा, मुलांना खासगी संदेश पाठवू नका आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो काढू नका. देणगीदारांना पाठवायच्या पत्रात विद्यार्थ्यांची नावे आणि चेहरे नसावेत. जिथे धर्मावर निर्बंध आहेत तिथे गावाचे नावही नको. कोणालाही वैयक्तिक पैसे किंवा भेटवस्तू देऊ नका, द्यायचेच असेल तर ते स्थानिक मंडळीमार्फत जावे. नाहीतर विश्वास आणि मदत यांची सांगड लोकांच्या मनात कायमची बसते. स्वतःच्या खर्चाचे गणित मांडताना परतीच्या तिकिटाचे पैसे आणि वैद्यकीय स्थलांतरासह (आजारपणात दुसरीकडे हलवण्याच्या खर्चासह) विमा बाजूला काढा, आणि मगच मासिक पाठिंब्याचा आकडा पाठवणाऱ्या मंडळीला सांगा.

मिशन संपवून परत जायच्या महिनाभर आधी पुढच्या शिक्षकासाठी वही तयार ठेवा: कोणत्या पातळीचे किती जण, कोणते धडे झाले, कुठली रचना दोनदा घेऊनही बसली नाही, खोलीची किल्ली कोणाकडे असते. शक्य असेल तर शेवटचे दोन आठवडे स्थानिक शिक्षकाला वर्ग घेऊ द्या आणि तुम्ही मागे बसून टिपणे करा.