पाण्यावर पळणारे शिकारी किडे ओळखताना या चुका टाळा

डोहावर सरसर पळणारा किडा दिसला की कुणी त्याला ‘कोळी’ म्हणतं, कुणी ‘पाणनिवळी’ म्हणून मोकळं होतं. दोन्हीत घाई होते.

आधी पाय मोजा. पाणनिवळीचे चार लांब पाय पाण्यावर फाकलेले दिसतात. पुढचे दोन आखूड, डोक्यापुढे मुडपलेले. भक्ष्य धरायचं काम त्यांचंच. वरून काढलेल्या फोटोत ते मिशांसारखे भासतात. मीही बरेच दिवस त्यांना मिशाच समजत होतो! खऱ्या मिशा निराळ्या, बारीक, चार पेरांच्या. कोळ्याला मिशा नसतातच, आणि पाय आठ.

सगळ्यात जास्त फसगत आकारामुळे होते. दोन-तीन मिलिमीटरचा आखूड पायांचा किडा दिसला की ‘निवळीचं पिल्लू’ असं लिहून टाकतात. तो व्हेलिडी कुळातला पुरता वाढलेला किडा असू शकतो. मागची मांडी बघा: पाणनिवळीची पोटाच्या टोकापलीकडे जाते, याची सहसा जात नाही. शिवाय निवळीचे मधले आणि मागचे पाय जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघतात, पुढच्यांपासून बरेच लांब. याच व्हेलिडी कुळातल्या, खळाळत्या पाण्यात राहणाऱ्या ऱ्हागोव्हेलियाच्या मधल्या पायांना तर केसांचा पंखा असतो. प्रवाहात तो उघडतो, वल्ह्यासारखा.

पंख नाहीत म्हणूनही पिल्लू ठरवू नका. एकाच जातीत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन्ही प्रौढ सापडतात.

काठाशी हळूहळू चालणारी काडी, डोळे लांबट डोक्याच्या मध्यावर? ती हायड्रोमेट्रा, काडीसारखा दिसणारा किडाच. गरगर गोल फिरणारा काळा चकचकीत किडा हा भुंगेरा. त्याचा प्रत्येक डोळा दुभागलेला असतो, अर्धा पाण्यावर, अर्धा पाण्याखाली. आणि पृष्ठभागाखाली उताणा पोहणारा नोटोनेक्टा हातात घेऊ नका, चांगलाच चावतो.

फोटोत किडा धूसर आणि तळावरची सावली स्पष्ट येते? कॅमेऱ्याचा फोकस तळावर गेलाय. काठावर बसून, कॅमेरा पाण्यालगत धरून, बाजूने काढा. पाणी वाहतं की साचलेलं, तेही टिपून ठेवा. अर्धी ओळख तिथेच पटते.

नीट बघायला किडा घरी न्यायचाच असेल तर पाण्याने भरलेल्या बाटलीत घालू नका. हिंदकळून तो बुडतो. कोरडी डबी, त्यात ओला टिशू, एवढं पुरतं.