डोंगरात मुक्कामाचा निवारा शोधताना या चुका टाळा

दुर्गम डोंगरात रात्र बिघडते ती बहुतेक वेळा एका समजामुळे: नकाशावर ठिपका आहे म्हणजे तिथे छप्पर आहे, आणि छप्पर आहे म्हणजे आपल्याला जागा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींची खात्री निघण्याआधीच करावी लागते.

ठिपका न तपासणं

ट्रेकिंगची बरीच ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा डेटा वापरतात. त्यात 'अल्पाइन हट' म्हणजे साधारणपणे राखणदार असलेली, जेवणखाण मिळणारी जागा. 'वाइल्डरनेस हट' म्हणजे राखणदार नसलेली साधी खोली. आणि नुसतं 'शेल्टर' लिहिलं असेल तर ते काहीही असू शकतं, अगदी चार खांबांवरचं छप्परसुद्धा. ॲपमधलं चिन्ह पाहून हा फरक कळेलच असं नाही. चिन्हावर टॅप करून तपशील वाचा, उपग्रहचित्रात छप्पर दिसतंय का बघा.

मग ती जागा सांभाळणाऱ्या संस्थेचे नियम वाचा, कारण ते देशागणिक बदलतात. स्कॉटलंडमधल्या बॉथी, म्हणजे डोंगरातल्या साध्या निवाऱ्याच्या झोपड्या, मोफत आणि बिनकुलपाच्या असतात. १९६५ साली स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन तिथल्या आणि आसपासच्या सुमारे शंभर बॉथींची देखभाल करते. तरीही हरणांच्या शिकारीच्या हंगामात त्यांतल्या काही बंद असतात. नॉर्वेत डीएनटी या ट्रेकिंग संस्थेच्या राखणदार नसलेल्या अनेक केबिनना कुलूप असतं आणि किल्ली सभासदांनी आधीच मिळवायची असते. न्यूझीलंडमध्ये संवर्धन खात्याच्या ९५० हून अधिक हट आहेत. अगदी साध्या हट बहुधा मोफत, बऱ्याच ठिकाणी तिकीट लागतं, तर 'ग्रेट वॉक' वाटांवर मुख्य हंगामात आगाऊ बुकिंगशिवाय भागत नाही. आल्प्समधल्या राखणदाराच्या हट हंगाम संपला की बंद होतात आणि बऱ्याच ठिकाणी फक्त एक छोटी 'विंटर रूम' उघडी राहते.

अक्षांश-रेखांशांचा घोळ

हा घोळ घरबसल्या होतो आणि कळतो मात्र डोंगरात. समजा, निवाऱ्याचा अक्षांश ५७ अंश ३० मिनिटं आहे. तो ॲपमध्ये ५७.३० असा टाकला तर चूक किरकोळ वाटते. पण ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, म्हणून बरोबर आकडा ५७.५. ०.२ अंशाचा हा फरक जमिनीवर सुमारे २२ किलोमीटर भरतो! आकडे टाकल्यावर ठिपका अपेक्षित खोऱ्यात, अपेक्षित ओढ्याच्या काठी पडतोय का, हे डोळ्यांनी बघा. छापील नकाशा आणि कंपास सोबत हवाच. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते.

धुक्यात थेट निवाऱ्याकडे चालत जाणं

निवारा ओढ्याकाठी आहे आणि धुकं दाटलंय. तुम्ही कंपास धरून नेमक्या दिशेने चालत ओढ्यापाशी येता, पण निवारा दिसत नाही. आता डावीकडे वळायचं की उजवीकडे? हे सांगायला काहीच हाताशी नसतं. म्हणून आधीच मुद्दाम थोडं वरच्या अंगाला रोख धरा. मग ओढा लागला की निवारा खालच्या बाजूलाच असणार, प्रवाहासोबत चालत राहायचं. कंपास शिकवताना ही युक्ती अगदी सुरुवातीला सांगायला हवी, इतकी ती कामाची आहे.

वेळेचा आशावादी हिशेब

१८९२ सालचा नेस्मिथचा नियम आजही उपयोगी आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळजवळ चार तास, तेही न थांबता आणि चांगल्या वाटेवर. जड सॅक, चिखल किंवा बर्फ असेल तर वेळ वाढवा. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचायचं ठरवा. जागा भरलेली निघाली तर तंबू लावायला आणि पाणी शोधायला उजेड लागतो. हो, तंबू किंवा निदान बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक पिशवी) नेहमी सोबत हवी. बिनबुकिंगच्या निवाऱ्यात कोण आधी येऊन बसलंय, हे आधी कळायला मार्ग नसतो.

शेवटचा ओढा

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. दिवसभर पाऊस झालाय, अंगावरचे कपडे भिजलेत, पलीकडच्या काठावर निवारा दिसतोय आणि मधे फुगलेला ओढा आहे. कोरड्या खोलीच्या ओढीने माणूस एरवी कधीच उतरला नसता अशा पाण्यात उतरतो. पाणी गढूळ झालंय, लाकडं वाहत येतायत, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यांतलं एक जरी असलं तरी उतरू नका. डोंगरातले छोटे ओढे पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा काही तासांत ओसरतात. अलीकडच्याच काठावर उंच जागी तंबू ठोका, कोरडे कपडे घाला, सकाळी पुन्हा बघा.

आत गेल्यावर

दारं-खिडक्या बंद करून स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर ताबडतोब बाहेर पडा. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, कारण उडणाऱ्या धुळीतून काही प्रदेशांत हंटाव्हायरस या उंदरांपासून पसरणाऱ्या घातक विषाणूची लागण होऊ शकते. आधी जंतुनाशकाने भिजवा, मग पुसून घ्या. खाणं छताला टांगून ठेवा.

नोंदवही असेल तर पुढचा मुक्काम आणि वाट लिहा. न्यूझीलंडमध्ये तर नुसतं थांबून पुढे जाणाऱ्यांनीही लिहावं असं सांगतात, कारण शोधपथक आधी तिथेच बघतं. निघताना दार खेचून कडी नीट बसली का तपासा. उघडं राहिलेलं दार वाऱ्याने मागून बंद झालं तर आत शिरलेली मेंढी तिथेच अडकून मरते.