निर्बंध शिथिल करण्याची मागणी कशी तपासावी

साथीच्या काळात एखाद्या व्यापारी संघटनेचे शिष्टमंडळ मंत्रालयात निवेदन देऊन आले, की जीव महत्त्वाचा की रोजगार, हा वाद पेटतो. त्यात पडण्यापूर्वी मूळ निवेदन मिळवावे आणि त्यातील मागण्यांचे दोन भाग करावेत. परवाना शुल्कात सूट, मालमत्ता करात सवलत, कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ या मागण्या पैशाच्या आहेत. त्या मान्य झाल्याने कोणालाही संसर्ग होत नाही, म्हणून त्यांना मोकळ्या मनाने पाठिंबा द्यावा. वेळ वाढवणे, आसनक्षमतेची मर्यादा उठवणे, बंद सभागृहातील समारंभांना परवानगी देणे यांचा धोका मात्र मागणाऱ्यापेक्षा इतरांनाच अधिक पोहोचतो, आणि कसून तपासायच्या त्या याच मागण्या.

हा धोका कोणाच्या वाट्याला येतो, ते नेमके शोधावे. कोरोनाच्या साथीत राज्य सरकारने ७ जून २०२१पासून चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा या निकषांवर पाच स्तरांचे निर्बंध लागू केले, तेव्हा मुंबई तिसऱ्या स्तरात होती आणि अत्यावश्यक वस्तूंखेरीज इतर दुकाने सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ वाजेपर्यंत उघडी असत. लोकल मात्र सर्वसामान्य खासगी नोकरदारांसाठी बंद होती; लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना ती १५ ऑगस्टपासून खुली झाली. दादरच्या दुकानात विरारहून येणाऱ्या विक्रेत्याने तोवर कसे पोहोचायचे, याचे उत्तर ज्या निवेदनात नाही, ते अपुरे समजावे.

त्यानंतर जागेची हवा पाहावी, कारण कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो आणि घड्याळापेक्षा खिडकी अधिक काम करते. फूटपाथकडे पूर्ण उघडणारे भांड्यांचे दुकान आणि काचेचा दरवाजा लावून घेतलेले, पोटमाळ्यावरही टेबले मांडलेले वातानुकूलित हॉटेल यांना एकच नियम लावणे मला चुकीचे वाटते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र मिळते. मोकळ्या हवेत ते सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) दाखवते. भरलेल्या खोलीत आकडा १००० ओलांडू लागला, तर वायुवीजन अपुरे आहे असे धरावे. दुकाने लवकर बंद केल्याने थोड्या तासांत गर्दी दाटते, हा व्यापाऱ्यांचा आक्षेप पहिल्या प्रकारच्या दुकानांबाबत रास्त आहे. दुसऱ्या प्रकारच्या जागेसाठी तो पुढे केला जात असेल, तर मान्य करू नये.

व्यापार बुडण्याची भीती या शहराला नवी नाही. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हाही मुंबईची जहाजे परदेशी बंदरांत विलग्नवासात अडकतील, ही धास्ती होतीच. अशा धास्तीतून रोग लपवण्याचा मोह होतो, म्हणून निदान किंवा आकडे दडपण्याकडे झुकणारी मागणी, ती कोणाचीही असो, तिथेच फेटाळावी.

शेवटी, निर्णय कसा झाला ते विचारावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून बैठकीची तारीख, उपस्थितांची नावे आणि साथीबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या कृती दलाचा लेखी सल्ला मागता येतो. सर्वसाधारण उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि साथ तेवढी थांबत नाही, त्यामुळे त्याच दिवशी आपल्या वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी हरकत द्यावी, तीत जागेचे नाव, वेळ आणि मोजलेला आकडा लिहावा, आणि पोचेवर शिक्का घ्यावा.